गेममधलं नाव आणि खरं नाव

(कर्जत येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी त्यांना म्हटलं, संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत, मला यंदा दुसऱ्या विषयावर बोलू द्या. विषय ऐकून ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "गेमवर भाषण? पोरांचे पालकही येणार आहेत." मी म्हटलं, मग तर नक्कीच बोलतो.

आधी एक प्रश्न. इथे बसलेल्यांपैकी किती जण मोबाइलवर गेम खेळतात? बीजीएमआय, फ्री फायर, काहीही. हात वर करा. बरं, जवळजवळ सगळेच. मुलींचेही बरेच हात आहेत, ते पाहून बरं वाटलं. आता दुसरा प्रश्न. यातले किती जण गेममध्ये स्वतःच्या खऱ्या नावाने खेळतात? तीन. चार. मागे एक, पाच.

बाकीच्यांना मी कारण विचारत नाही. काहींना फॅन्सी नाव आवडतं म्हणून, हे मला मान्य आहे. पण काहींचं कारण वेगळं आहे आणि ते मला माहीत आहे, कारण माझंही तेच होतं.

मी इथलाच. शाळा कर्जतची, इंजिनिअरिंग बाहेर, आणि गेली दहा-बारा वर्षं नवी मुंबईत सॉफ्टवेअरची नोकरी. म्हणजे कर्जत लोकल, ठाण्याला उतरायचं, गाडी बदलायची, संध्याकाळी तेच उलटं. 2018 साली पब्जी मोबाइल आला आणि आमच्या डब्यातलं वातावरणच बदललं. आधी पत्ते चालायचे, भजन मंडळ असायचं. ती होतीच, पण कोपऱ्यात चार-चार पोरं मान खाली घालून बसायला लागली. वांगणी-नेरळच्या मध्ये नेटवर्क गेलं की चौघं एकदम ओरडायचे. त्या चौघांत मीही होतो. तेव्हा माझं वय 27, नोकरीला लागून पाच वर्षं झालेली. म्हणजे हे फक्त शाळकरी पोरांचं खूळ नव्हतं.

सुरुवातीला मी माझ्या खऱ्या नावाने खेळायचो. त्यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही. एका रात्री घरी खेळत होतो, तीन रँडम खेळाडूंबरोबर. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: रँडम म्हणजे गेमने आपोआप जोडून दिलेले अनोळखी साथीदार. आणि गोळी लागून तुम्ही खाली पडलात, म्हणजे 'नॉक' झालात, तर लगेच मरत नाही. साथीदार जवळ येऊन दहा सेकंद थांबला की तुम्ही पुन्हा उठता. तर मी नॉक झालो. एक जण माझ्यापासून पाच पावलांवर होता. मी माइकवर म्हटलं, "भाई, रिव्हाइव्ह." तो जवळ आला, थांबला. बहुतेक माझ्या डोक्यावरचं नाव वाचलं. मग त्याने एक शब्द उच्चारला. तो शब्द तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, मी इथे उच्चारणार नाही. बाकीचे दोघं हसले. आणि ते तिघंही माझ्याभोवती उभे राहून मी मरायची वाट बघत बसले.

खेळच तो. खोटा माणूस, खोटं रक्त. मोबाइल बाजूला ठेवून मी झोपलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये मी पहिलं काम केलं ते नाव बदलण्याचं. कर्जत आणि काही आकडे, एवढंच ठेवलं. कर्जत हिंदू की मुसलमान, हे कोणाला कळणार?

इथपर्यंतची गोष्ट मी चार ठिकाणी सांगितली आहे. लोक हळहळतात. पुढची गोष्ट मी आज पहिल्यांदा सांगतोय.

नवं नाव घेतल्यावर मला एक छान स्क्वॉड मिळालं. तीन जण, सगळे मराठी, एक पुण्याचा, एक नाशिकचा, एक बदलापूरचा. दीड वर्ष आम्ही रोज रात्री खेळलो. माझं मराठी तुमच्यासारखंच, त्यात काही कळण्यासारखं नाही. त्यांनी मला गृहीत धरलं. मीही धरू दिलं. आणि समोरच्या टीममध्ये एखादं मुस्लिम नाव दिसलं की माइकवर जे काही चालायचं, ते मी दीड वर्ष ऐकलं. सुरुवातीला गप्प बसायचो. मग कधीतरी हसायलाही लागलो. एकदा एका मुलाला, त्याचं नाव साधारण माझ्या भावासारखंच होतं, आमच्यातल्या एकाने नॉक करून खूप वेळ शिव्या दिल्या. आवाजावरून तो बारा-तेरा वर्षांचा असेल. तो रडायला लागला. मी माझा माइक बंद केला. एवढंच केलं.

2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली, आमचं स्क्वॉड तिथेच फुटलं. पुढे 2021 च्या जुलैमध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने आला, 2022 मध्ये तोही बंद झाला, 2023 मध्ये परत आला. मी परत गेलो नाही. पण त्या मुलाचा आवाज माझ्याकडे राहिला. ज्यांनी मला मरू दिलं त्या तिघांचा मला आता राग येत नाही. पण मी माइक बंद केला, त्याचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून हे भाषण.

आता मुद्द्यावर येतो. "गेममधली शिवीगाळ आहे, त्यात एवढं काय?" असं मोठी माणसं म्हणतात. त्यांना मी खोपोलीची गोष्ट सांगतो.

माझी मोठी बहीण खोपोलीला असते. तिचा मुलगा तेव्हा नववीत होता. आपल्या भागात पोरं आपापसात स्पर्धा भरवतात, कस्टम रूम काढायची, प्रत्येकी वीस-तीस रुपये जमवायचे, जिंकणाऱ्याला पाचशे. तशाच एका स्पर्धेत खोपोली, खालापूर, कर्जतची पोरं होती. मॅच सुरू होण्याआधी लॉबीत सगळ्यांचा आवाज सगळ्यांना येतो. मागून आपाने हाक मारली असेल, भाच्याने "आलो अम्मी" म्हटलं. तेवढं पुरलं. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने साथ दिली. आई, बहीण, धर्म, पाकिस्तान, सगळं झालं. आणि भाच्याने उत्तर दिलं. तो पंधरा वर्षांचा. त्याने त्या मुलाला शिवी दिली असती तर एक वेळ ठीक होतं. त्याने त्या मुलाच्या श्रद्धेला शिवी दिली.

कोणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करत होतं. रात्री साडेदहाच्या सुमारास अकरा सेकंदांची एक क्लिप गावातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. त्यात फक्त भाच्याचं वाक्य होतं. आधीची चार मिनिटं नव्हती.

आपाचा मला फोन आला, "तू आत्ताच्या आत्ता ये." मी शेवटची खोपोली गाडी पकडली. घरी पोहोचलो तेव्हा दिवे बंद होते. मेव्हणे बाजारपेठेतल्या दुकानाचं कुलूप पुन्हा एकदा बघून आले होते. आपाने एका पिशवीत सगळ्यांची आधार कार्डं, शाळेचे दाखले आणि थोडे दागिने भरून ठेवले होते. भाचा भिंतीला टेकून बसला होता. त्याला कोणी रागावलंही नव्हतं. रागवायला सवड नव्हती.

एवढी भीती कशाची, असं इथल्या कोणी विचारणार नाही. पण पालकांसाठी सांगतो. 2 जून 2014 ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेखला मारलं. तो मूळचा सोलापूरचा, आयटीत काम करणारा तरुण. फेसबुकवर थोर व्यक्तींची विटंबना करणारी चित्रं कोणीतरी टाकली होती, त्यावरून शहर पेटलं होतं. मोहसीनचा त्या पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. नमाज पढून तो परत येत होता. 2023 च्या जानेवारीत त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगल झाली. सप्टेंबरमध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव आला आणि नुरुल हसन शिकलगार मशिदीत मारला गेला. तोही इंजिनिअर होता. आपाची पिशवी याच बातम्यांनी भरली होती.

आणि आपल्याच जिल्ह्यातली एक बातमी तर थेट गेमची. 2023 च्या जूनमध्ये अलिबागमधून मुंब्र्याच्या एका तरुणाला गाझियाबाद पोलिसांच्या प्रकरणात अटक झाली. ऑनलाइन गेम आणि डिस्कॉर्डवरून मुलांशी ओळख काढून धर्मांतर केल्याचा आरोप होता. त्या खटल्यात खरं काय, ते न्यायालय ठरवेल. मी त्यावर काही म्हणणार नाही. अल्पवयीन मुलांना कोणी अनोळखी माणूस गेममधून गाठत असेल, तर त्याची चौकशी व्हायलाच हवी, तो कुठल्याही धर्माचा असो. पण निकालाची वाट कोणी पाहिली? काही वाहिन्यांनी 'गेमिंग जिहाद' असा शब्दच तयार केला. मुंब्र्यात चारशे जणांचं धर्मांतर झाल्याचा दावा आला, तेव्हा तिथले आमदार जितेंद्र आव्हाड यांनी त्याचा पुरावा मागितला. त्या आठवड्यात माझ्या ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याने मला हसत विचारलं, "काय रे, तू पण गेम खेळतोस ना?" तो गमतीने म्हणाला. मी पण हसलो. हसायची सवय होतीच.

तर खोपोलीकडे परत येतो. पुढे काय झालं? भाच्याच्या स्क्वॉडमधला एक मुलगा, आगरी घरातला, रात्री बारा वाजता वडिलांना घेऊन घरी आला. त्याच्या मोबाइलमध्ये लॉबीचं पूर्ण रेकॉर्डिंग होतं. त्याचे वडील म्हणाले, "हे तुमच्याकडे असू द्या." सकाळी सहाला मेव्हणे आणि मी ते घेऊन कबड्डीच्या सरांकडे गेलो. भाचा त्यांच्याकडे सरावाला जायचा. सरांनी पूर्ण ऐकलं, दोनदा ऐकलं. आणि म्हणाले, "हा पहिला आवाज माझ्याच मैदानावरचा आहे."

खरंच होता. शिव्या देणारा मुलगा दोन वर्षांनी मोठा, त्याच मैदानावर चढाई करायचा. दोघं एकमेकांना ओळखत होते. गेममधल्या नावांमुळे ओळखलं नाही. सरांनी दोघांच्या वडिलांना मैदानावर बोलावलं, सगळ्यांसमोर पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. वडिलांसमोर स्वतःचा आवाज ऐकताना त्या मोठ्या मुलाची मान खाली गेली ती वर आली नाही. भाच्याचीही. दोघांनी एकमेकांची आणि एकमेकांच्या घरच्यांची माफी मागितली. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सरांनीच फोन केला, क्लिप काढली गेली. आमचं नशीब चांगलं. सर नसते तर? त्या मुलाने पूर्ण रेकॉर्डिंग केलंच नसतं तर? मी हा विचार पुष्कळदा केला आहे.

हे असं का होतं? मैदानावर जो मुलगा सरांसमोर नीट वागतो, तो माइकवर असा का बोलतो?

कबड्डी बघा. रायगडला कबड्डी समजावून सांगायची गरज नाही. तिथेही अंगावर जाणं आहे, ईर्ष्या आहे, बाचाबाची होते. पण पंच आहे. आधी हिरवं कार्ड, मग पिवळं, मग लाल. कप्तान आहे. आणि बाजूला बसलेल्या दोनशे माणसांना हा कोणाचा मुलगा ते माहीत आहे. ऑनलाइन गेममध्ये यातलं काहीच नाही. तुमचं नाव खोटं, चेहरा नाही, समोरचा पुन्हा कधी भेटणार नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 साली यावर लिहिलं होतं की पडद्याआड गेल्यावर माणसाच्या मनातले अडसर गळून पडतात. कधी त्यामुळे तो मोकळेपणाने दुःख सांगतो, कधी विष ओकतो.

पण अडसर गळतात म्हणजे विष पडद्याने तयार केलं असं नाही. मुस्लिम नाव वाचून जो शब्द त्याच्या तोंडात येतो, तो त्याला गेमने शिकवलेला नाही. तो घरातून, ग्रुपमधून, टीव्हीवरून आलेला असतो. गेम फक्त दार उघडं ठेवतो.

आणि दार उघडं ठेवायचं की लोटून घ्यायचं, हे आमच्यासारखे लोक ठरवतात. हे मला इंजिनिअर म्हणून सांगायचं आहे. 'लीग ऑफ लेजंड्स' नावाचा मोठा गेम आहे, तो बनवणाऱ्या रायट गेम्स कंपनीने साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी यावर बरंच काम केलं. त्यांना आधी वाटलं होतं की मूठभर वाईट खेळाडू आहेत, त्यांना हाकललं की झालं. आकडे पाहिल्यावर कळलं की बहुतेक शिवीगाळ त्या मूठभरांकडून येतच नाही. ती येते एरवी बऱ्या वागणाऱ्या माणसांकडून, एखाद्या वाईट दिवशी. मग त्यांनी एक छोटी गोष्ट केली. समोरच्या टीमशी बोलायचं चॅट मुळातच बंद ठेवलं. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. बंदी नाही, फक्त एक बटण जास्त. चॅटचा एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला, पण त्यातलं वाईट बोलणं साधारण एक तृतीयांश कमी झालं. एक बटण!

मग आपल्याकडच्या शिव्यांना चाळणी का लागत नाही? एक कारण म्हणजे शब्दांची यादी करून शिव्या पकडणं फार कच्चं काम आहे. मी स्वतः ऑफिसात एका चॅटसाठी अशी यादी केली होती. एक शब्द बंद केला की पोरं मध्ये आकडा घालतात, एक अक्षर बदलतात, मराठी शिवी इंग्रजी अक्षरांत सहा तऱ्हांनी लिहितात. उलट बाजूला काय होतं, तर ज्या जातींची नावंच लोक शिवीसारखी वापरतात, ती नावं यादीत घातली की त्या जातीच्या मुलाला स्वतःची ओळखही लिहिता येत नाही. शिवी देणारा सुटतो आणि शिवी खाणारा गप्प होतो. मशीनला शब्द कळतो, तो कुठल्या हेतूने आला ते कळत नाही. आवाजातलं तर आणखी कठीण. म्हणून माणसं लागतात, आणि मराठी कळणारी माणसं लागतात. कंपन्यांकडे ही मागणी आपण करायला हवी.

आता जरा अवघड भाग.

आतापर्यंत तुम्ही माना डोलावत होतात. आता मी आपल्याबद्दल बोलणार आहे.

आपली पोरं माइकवर काय बोलतात? भाच्याच्या प्रकरणानंतर मी त्याच्या मित्रांबरोबर काही आठवडे खेळलो. मुद्दाम. सगळी आपलीच मुलं. कोणी खराब खेळला की पहिली शिवी 'कातकरी'. दुसरी 'ठाकर'. का? कर्जत-खालापुरात डोंगरावरच्या प्रत्येक वाडीत ही माणसं राहतात. 19 जुलै 2023 च्या रात्री इरसालवाडीवर दरड कोसळली तेव्हा आपण सगळे रडलो, तांदूळ-चादरी गोळा केल्या. ती वाडी ठाकरांची होती. ज्यांच्यासाठी रडलो त्यांचंच नाव आपण शिवी म्हणून वापरतो. यात काही चुकतंय असं त्या मुलांच्या ध्यानातही आलं नव्हतं. जसं मला मारणाऱ्या त्या तिघांच्या आलं नव्हतं.

मग ईशान्येकडच्या मुलांवरून. बिहारी मुलांवरून. आपल्याच दुसऱ्या फिरक्याच्या मुलांवरून. 'हिजडा' आणि 'छक्का' तर दर दोन मिनिटांनी. आणि मुलींवरून. माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा चांगली खेळते. ती माइक कधीच उघडत नाही. "मुलीचा आवाज आला की गेम संपतो," असं ती म्हणते. आणि तिला त्रास देणाऱ्यांत आपली नावंही असतात, हे तिने मला सांगितलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

बाईच्या अपमानाचा हा रस्ता कुठे जातो, तेही पाहिलंय आपण. 2021 च्या जुलैमध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' अशी दोन अ‍ॅप्स निघाली. मुस्लिम बायकांचे फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडला होता. ती गिटहबवर ठेवली होती. गिटहबवर मी रोज काम करतो, सकाळी ऑफिसला पोहोचलो की पहिलं तेच उघडतो. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी पकडलेले बहुतेक आरोपी अठरा ते एकवीस-बावीसच्या आसपासचे होते, त्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. माझ्या डोळ्यांसमोर कोणी गुंड उभा राहिला नाही. आमच्या हॉस्टेलची खोली उभी राहिली. रात्री दोन वाजता, चार पोरं, एक लॅपटॉप, आणि "बघू, होतंय का."

कोणी म्हणेल, आपल्यावर एवढं होतं आणि तुम्ही आपल्यालाच सुनावता? दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही. क्लिप फिरली की पिशवी आमच्या घरी भरली जाते, त्यांच्या घरी नाही. हा फरक मोठा आहे, तो मी विसरत नाही. पण कुरआनात सूरह हुजुरातमध्ये साफ सांगितलंय की एकमेकांची टर उडवू नका, एकमेकांना वाईट नावांनी हाका मारू नका. त्यात 'त्यांनी सुरुवात केली नसेल तर' अशी अट नाही. आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहासही आठवा. 1927 च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांच्या परिषदेच्या मांडवाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. त्यांच्या जिल्ह्यातली आपण पोरं. आपण कातकरी हा शब्द शिवी म्हणून वापरायचा?

आता काय करायचं, ते थोडक्यात. हे लिहून घेतलंत तरी चालेल.

पहिलं, शिवी आली की उत्तर देऊ नका. हे भित्रेपणाने सांगत नाही. तुमचं उत्तर कापून फिरवलं जातं, त्याची शिवी कापून टाकली जाते. म्यूट करा, रेकॉर्ड करा, मॅच संपल्यावर रिपोर्ट करा. रेकॉर्डिंग पूर्ण ठेवा, सुरुवातीपासून. भाच्याला त्याने वाचवलं.

दुसरं, कोणाचीही क्लिप पुढे पाठवू नका. 'बघा आपल्यावर कसा अन्याय होतोय' म्हणूनही नको. पाठवलेली क्लिप कोणाच्या हातात जाऊन काय होईल हे तुमच्या हातात राहत नाही.

तिसरं, प्रकरण धमकीपर्यंत किंवा बदनामीपर्यंत गेलं तर घरी सांगा आणि तक्रार करा. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे समाजमाध्यमं चालवणाऱ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते आणि ठरावीक मुदतीत निकाल लावावा लागतो. सायबर गुन्ह्यांसाठी केंद्राचं पोर्टल आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 वर लगेच फोन करा. धर्मावरून किंवा जातीवरून तेढ पसरवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 196 बघा. धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं हे कलम 299. लक्षात ठेवा, ही कलमं तुमच्या तोंडच्या वाक्यालाही लागू होतात.

चौथं, पालकांसाठी. मोबाइल हिसकावून घेऊ नका. हिसकावलात तर पुढच्या वेळी पोरगं तुम्हाला सांगणार नाही. भाच्याने त्या रात्री आपाला स्वतःहून सांगितलं, म्हणून आमच्याकडे सात तास होते. नाहीतर सकाळी बाजारात कळलं असतं.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याला शिवी बसत असेल तर माइक बंद करू नका, उघडा. मोठं भाषण नको. "ए, सोड ना, खेळ की," एवढं पाच शब्दांचं वाक्य पुरतं. रायटच्या आकड्यांनी हेच सांगितलं, बहुतेक लोक एरवी बरे असतात. त्यांना थांबवायला बऱ्याचदा एक आवाज लागतो. दीड वर्ष माझ्याकडे तो आवाज होता आणि मी वापरला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक छोटी स्पर्धा घेतली. सोळा स्क्वॉड, चौसष्ट मुलं-मुली. नियम दोनच. एक, प्रत्येकाने खऱ्या नावाने खेळायचं. दोन, स्क्वॉड चिठ्ठ्या टाकून ठरणार, त्यामुळे मोहल्ल्यातला, वाडीवरचा, बाजारपेठेतला, कोणीही कोणाबरोबर. पंच म्हणून कबड्डीचे सर. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण कार्डं आणली होती. फार सुंदर झालं असं सांगणार नाही. तीन पिवळी कार्डं निघाली, एक स्क्वॉड बाद झालं, एक मुलगा रागावून निघून गेला. बाद झालेल्या स्क्वॉडमध्ये दोन आपलीच मुलं होती. एका वाडीवरचा मुलगा मात्र तिसरा आला. त्याच्याकडे स्वतःचा मोबाइलही नव्हता, भाच्याचा घेऊन खेळला. पुढच्या सुट्टीत पुन्हा घेणार आहोत, ज्यांना मदत करायची आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.

भाच्याने त्या स्पर्धेपुरतं खरं नाव लावलं होतं. दुसऱ्या दिवशी परत बदललं. मी काही बोललो नाही. त्या रात्रीची पिशवी त्याने पाहिली आहे, त्याला नाव लाव म्हणून सांगायचा हक्क मला नाही. ज्या पाच जणांनी मघाशी हात वर केले त्यांचं मला कौतुक आहे, आणि बाकीच्यांना मी दोष देत नाही.

फक्त एक मागतो. आज रात्री तुम्ही खेळाल, मला माहीत आहे. कोणीतरी नॉक होऊन पडेल आणि म्हणेल, भाई, रिव्हाइव्ह. त्याच्या डोक्यावर काही तरी नाव असेल. ते कुठलं आहे हे बघत बसू नका. दहा सेकंद लागतात, आधी उचला.